परसातील गादीवाफा : पावसाळ्याच्या भाजीविषयी एक पाठ

गेल्या पावसाळ्यात पुष्य नक्षत्राच्या दिवसांत आम्ही मंडळीतील एका भगिनीच्या घरी भेटीस गेलो होतो. चार दिवसांची झड नुकतीच उघडली होती. तिने परसात लावलेली मिरचीची रोपे माना टाकून उभी होती. काहींची पाने पिवळी पडली होती व काहींची देठे मातीलगत काळवंडून कुजली होती. ह्याच जागी तिने दुसऱ्यांदा रोपे लावली होती. "पाण्यात उभी राहून रोपे वाळतात कशी, पाळकसाहेब?" असे तिने विचारले. तिचे पती वावरात होते, घरातील सगळा पैसा बियाण्यात व खतात गेला होता, आणि त्या दिवशी तिने बाजारातून पावभर वांगी आणली होती, ती पाच माणसांत वाटावयाची होती.

हा प्रश्न त्या एकाच घरचा नव्हे. आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, कोठेही जा. ज्याच्या वावरात दहा एकर पऱ्हाटी व सोयाबीन उभे आहे, तोही आठवड्याच्या बाजारी भाजीवाल्यापुढे पिशवी घेऊन उभा राहतो. आणि भाजी सर्वांत महाग केव्हा, तर नेमकी आषाढ-श्रावणात, जेव्हा शेतकऱ्याच्या हाती पैसा सर्वांत थोडा असतो. मग घरात वरण-भात किंवा भाकरी व तिखट, एवढ्यावर भागते. पुरुष माणसे चहा पिऊन कामास लागतात. उणीव पडते ती गरोदर बाई व लहान लेकरे ह्यांना. सबब ह्या पाठात परसातील भाजीचा वाफा उंच का करावा, तो पायऱ्यांचा का करावा, आणि उन्हाळ्यात तोच वाफा मोडून त्यास निराळे रूप का द्यावे, एवढ्याच गोष्टीचा विचार करू.

प्रथम त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. झाडाचे मूळ पाणी पिते हे आपण जाणतो. परंतु मूळ श्वासही घेते, हे आपल्या ध्यानी राहत नाही. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांपैकी काहींत पाणी व काहींत हवा असावी लागते. सगळ्याच पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे मुळास प्राणवायू मिळेनासा होतो, कारण हवेतून प्राणवायू ज्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्याने तो पाण्यातून पसरतो. श्वास कोंडलेले मूळ पाणी ओढण्याचे काम सोडून देते. म्हणून रोप पाण्यात उभे असून तहानेने मरते. त्यातच ओल्या मातीतील बुरशी कोवळ्या देठास धरते व रोप मातीलगत कोलमडते. ह्यास आपण मर लागली असे म्हणतो. मिरची व टमाटर ह्यांस हे दुःख फार लवकर होते. वांगे थोडे अधिक सोसते. धोपा मात्र पाण्यातच आनंदाने वाढतो.

आता आपल्या मातीकडे पाहा. वर्धा जिल्ह्याची काळी माती दख्खनच्या काळ्या दगडापासून झिजून झालेली आहे. तिच्यात चिकण कण पुष्कळ. भारी जमिनीत शंभरांत चाळीस ते साठ भागही असतात. हे कण ओले झाले म्हणजे फुगतात व वाळले म्हणजे आकसतात. वैशाखात ह्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या सरी त्या भेगांतून खोल जातात. परंतु भेगा एकदा मिटल्या की वरचे पाणी खाली उतरावयाचे नाव घेत नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. कापसाला ही माती मानवते, कारण त्याचे मूळ खोल जाते आणि वावराला उतार असतो. परसातील जागा मात्र बहुधा सपाट, चालून चालून घट्ट झालेली, वळचणीचे व न्हाणीचे पाणी पिणारी.

जुन्या शेतकऱ्याला ह्या साऱ्यासाठी एकच शब्द पुरतो, आणि तो शब्द आपल्या भाषेत फार सुंदर आहे: वाफसा. माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो व बोटाने टोचला तर तो भुरभुरून फुटतो, पायाला चिकटत नाही, अशी जी मातीची स्थिती, तिला वाफसा म्हणतात. वाफसा आल्याशिवाय कोणी शहाणा माणूस वखर घालीत नाही. वावरात आपण वाफशाची वाट पाहतो. परसात वाट पाहण्याचे कारण नाही, कारण तेथील जागा लहान असल्यामुळे वाफसा आपल्या हाताने आणता येतो. उंच वाफा म्हणजे हेच.

ही विद्या बाहेरून आणावयाची आहे असेही नव्हे. कांद्याचे, वांग्याचे, मिरचीचे बी टाकावयाचे तेव्हा आपण गादीवाफाच करतो. मग महिनाभर गादीवर वाढवलेले नाजूक रोप आपण उपटतो आणि सपाट चिखलात नेऊन लावतो. येथे आपली चूक होते. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळद्या गावाची हळद सर्वांस ठाऊक आहे. त्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा कंद साचल्या पाण्यात कुजतो, म्हणून हळद सर्वत्र वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर घेतात. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट ह्या संस्थेने काळ्या मातीसाठी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून पाहिली: दीड मीटरच्या पट्ट्यात सुमारे एक मीटर रुंदीची गादी व अर्ध्या मीटरची सरी, सरीला किंचित उतार. पावसाचे जास्तीचे पाणी सरीतून हळूहळू निघून जाते व पीक गादीवर उभे राहते. आज कृषी खात्याचे लोक ज्याला रुंद वरंबा सरी म्हणतात व सोयाबीनसाठी ज्याची शिफारस करतात, ती हीच.

परसातील ह्या चिमूटभर जागेचे महत्त्व ज्याने वर्ध्यातच राहून सांगितले, त्या गृहस्थाची आठवण येथे करणे योग्य होईल, विशेषतः तो आपल्याच ख्रिस्ती समाजातला असल्यामुळे. डॉ. जे. सी. कुमारप्पा हे १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीसाची विद्या शिकले व पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज ह्यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, कुमारप्पांनी त्याचे काम अनेक वर्षे चालवले. जवळच १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय आजही पाहावयास मिळते. कुमारप्पांचे एक म्हणणे असे होते की गावच्या जमिनीचा हिशेब पैशाने करू नये, पोटाने करावा: गावातील माणसांना धान्य किती, डाळ किती, तेल किती, भाजी व फळे किती, वस्त्रासाठी कापूस किती लागतो हे आधी मांडावे व त्या मानाने जमीन वाटावी. ह्यास ते समतोल शेती म्हणत. हिशेबतपासनीसाने ताळेबंद मांडावा तसा तो विचार आहे. त्यांच्या सगळ्याच मतांना आमची मान्यता आहे असे नाही. कापूस विकल्यावाचून आज कोणाचे घर चालत नाही. परंतु २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांस मदतीची योजना जाहीर करावी लागली त्यांत वर्धा होता, हे आठवले म्हणजे सगळी जमीन एकाच बाजारभावाच्या स्वाधीन करण्यात काय धोका आहे, हे कळते. परसातला एक गुंठा तरी त्या बाजाराच्या बाहेर असावा.

आता कृती. काम वैशाखाच्या अखेरीस, माती कोरडी असतानाच करावे. मृगानंतर चिखलात गादी बांधावयास जाल तर माती फावड्याला चिकटेल, आणि दाबली गेलेली ओली चिकणमाती वाळून विटेसारखी होईल. जागा अशी निवडावी की जेथे निदान सहा तास ऊन येते आणि जी वळचणीपासून दूर आहे. कारण छपरावरून पडणारी पागोळी एका पावसात गादीचा कोपरा कापून नेते. गादी तीन फूट रुंद असावी, त्याहून अधिक नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणजे गादीवर पाय ठेवावा लागणार नाही. हा नियम मोडू नये. मुलांस व शेळ्यांस तो समजावून सांगणे कठीण, म्हणून पऱ्हाट्यांचे किंवा तुराट्यांचे कुंपण करावे. कोंबड्यांसाठी ते दाट असावे. लांबी जागेप्रमाणे, दहा फूट पुरे. उंची नऊ इंचांपासून एक फूट. दोन गाद्यांमध्ये दीड फुटाची वाट, आणि त्या वाटेला उकिरड्याकडे नव्हे, धुऱ्याकडे किंवा नालीकडे किंचित उतार.

येथे एक सामान्य समजूत दूर केली पाहिजे. पुष्कळ लोक गादीच्या तळाशी दगडगोटे किंवा विटांचे तुकडे भरतात, पाणी झिरपावे म्हणून. उलट घडते. भांडी घासावयाचा एक स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा व तळहातावर आडवा ठेवा. पाणी गळून थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंजात पाणी तितकेच होते, परंतु त्याची उंची वाढली. मातीचेही असेच आहे. तळाशी थोडे पाणी अडून राहतेच. वरची माती जितकी उंच तितकी मुळे त्या अडलेल्या पाण्यापासून दूर. एक फूट गादीत चार इंच दगड भरले म्हणजे आठच इंच गादी उरली आणि अडलेले पाणी तेवढेच मुळाजवळ आले. दगड भरण्याऐवजी गादीखालची घट्ट जमीन टिकासाने वीतभर खणून मोकळी करावी, म्हणजे वरची व खालची माती एकजीव होईल.

त्यावर पऱ्हाटीच्या काड्या बारीक तोडून चार बोटे जाडीचा थर देता येतो. त्या कुजतात व माती पोकळ ठेवतात. परंतु तोडण्यापूर्वी वाळलेली बोंडे एकूणएक वेचून जाळावीत. गुलाबी बोंडअळी त्यांतच लपून पुढच्या हंगामाची वाट पाहते, आणि २०१७ च्या हंगामात तिने काय केले ते कोणी विसरलेले नसेल. काड्या वरच्या थरात मिसळू नयेत. कुजताना त्या मातीतील नत्र ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. वरच्या आठ-नऊ इंचांसाठी काळी माती दोन भाग, चांगले कुजलेले खत दोन भाग व भरड लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा एक भाग असे मिश्रण करावे. तलावाचा गाळ मुरमाड वावराला सोने आहे, पण येथे नको. चिकणमातीत आणखी चिकणमाती घालण्यात काय हशील?

खताविषयी दोन शब्द. उकिरड्यातील अर्धे कच्चे शेण घालू नये. त्याने हुमणी व वाळवी येते. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ ह्या काळात काडीकचऱ्याचे खत करण्याची जी रीत बसवली व गांधीजींनी सेवाग्रामकडून जिचा पुष्कळ प्रसार केला, ती आजही उत्तम आहे: पालापाचोळा व कुटार ह्यांचा थर, त्यावर शेण, त्यावर गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती व थोडी राख, असे थर चढवावेत, ओल राखावी, आणि तीन महिन्यांत तीन वेळा ढीग उलथावा. खत तयार झाले म्हणजे त्यास पावसाच्या पहिल्या सरीचा वास येतो. दुर्गंधी आली तर ते कच्चे समजावे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१), ज्यांनी 'प्रयोग परिवार' चालवला व दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल ह्याचा गणिती विचार केला, त्यांच्या विचाराचे लोक तर दहा फूट लांब, तीन फूट रुंद व एक फूट उंच असा काडीकचऱ्याचा ढीगच रचतात, त्यावर शेण, गोमूत्र व गूळ ह्यांचे पातळ पाणी घालतात, आणि तो कुजून माती झाला की त्यातच भाजी लावतात. ज्याच्याजवळ माती नाही पण पाचोळा आहे त्याने हे करून पाहावे. चार-पाच महिने मात्र धीर धरावा लागतो.

गादीच्या कडा कशाने धरावयाच्या? येथे आपल्या गावांतील एका टाकाऊ वस्तूचा उपयोग होतो. घरोघरी कवेलू उतरून टिनपत्रे किंवा स्लॅब पडला. जुन्या कवेलूंची रास परसात विंचवांना आसरा देत पडून असते. ते कवेलू एकाला एक लावून, तिसरा हिस्सा जमिनीत गाडून उभे करावेत. कडा मजबूत होते, भाजलेली माती थोडा दम राखते, खर्च काही नाही. रास हलवताना काठीने हलवावी, हाताने नव्हे. काळा दगड मिळाला तर उत्तम. पऱ्हाट्या विणून केलेली कड एक हंगाम टिकते. बेशरमाच्या काड्या कोणी रोवू नयेत. त्या मुळे धरतात, मग गादीत भाजी कमी व बेशरम अधिक होते. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता पायऱ्यांचा वाफा. ज्यांच्या परसात जागा अगदी थोडी आहे किंवा जमीन उताराची आहे त्यांनी तीन पायऱ्या कराव्यात: मागची सर्वांत उंच, पुढची सर्वांत खाली, प्रत्येक पायरी दोन फूट रुंद व तिच्या पुढच्या पायरीपेक्षा नऊ इंच उंच. पायऱ्यांचे तोंड पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे असावे, म्हणजे मागच्या उंच झाडांची सावली पुढच्यांवर दिवसभर पडणार नाही. आम्ही पहिल्या वर्षी फार मोठी चूक केली. उंच पायरीला आधार हवा म्हणून ती स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीलाच टेकवून बांधली. भाद्रपदात भिंत आतून ओली झाली, तिला वाळवी लागली, आणि पाळकीणबाईंनी आम्हांस जे ऐकवले ते येथे छापण्याजोगे नाही. भिंतीपासून दोन फूट अंतर सोडावे. त्या वाटेने मागूनही हात पोहोचतो.

पायऱ्यांचा खरा लाभ जागेत नाही, पाण्याच्या वाटणीत आहे. वरच्या पायरीचे पाणी झिरपून मधल्या पायरीत व मधल्याचे खालच्यात येते. म्हणून वरची पायरी सर्वांत आधी वाफशावर येते व खालची सर्वांत शेवटी. ह्याप्रमाणे भाजी बसवावी. वर मिरची व टमाटर, ज्यांना साचले पाणी क्षणभर खपत नाही. मधल्या पायरीवर वांगी, भेंडी, आणि कडेला सांबार. सांबार पावसाळ्यात सपाट जमिनीत कुजतो, म्हणूनच श्रावणात त्याची जुडी हातात घेण्यापूर्वी भाव दोनदा विचारावा लागतो. गादीवर तो उगवतो, मात्र धने रगडून दोन भाग करून पेरावेत व जोराच्या पावसापासून तुराट्यांचे विरळ छप्पर द्यावे. खालच्या पायरीवर पालक, चवळाई, अंबाडी. आणि सर्व पाणी ज्या टोकाला निघते तेथे धोपा. न्हाणीचे पाणी येत असेल तर तेथे केळीचा एक कंदही लावावा. बरबटी, दोडके, कारले ह्यांस गादीची जागा देऊ नये. त्यांना गादीच्या टोकाला एकेक आळे करून मांडवावर चढवावे. तरोटा, केना, घोळ तर देवाने धुऱ्यावर फुकट दिले आहेत; त्यांच्यासाठी फक्त वाकावयाचे असते, आणि तरुण मंडळींना त्यांची लाज वाटू लागली आहे ही खेदाची गोष्ट.

मिरचीच्या दोन ओळी तीन फूट गादीवर पुरेत, रोपांत दीड ते दोन फूट अंतर. दाट लावण्याचा मोह होतो, पण हवा खेळली नाही म्हणजे पानांवर रोग येतो. रोप लावल्यावर मातीवर सोयाबीनचे कुटार दोन बोटे पसरावे. पावसाचा मारा मातीवर न बसता कुटारावर बसतो आणि चिखल उडून पानांना लागत नाही. देठाभोवती मात्र चार बोटे जागा उघडी ठेवावी.

येथवर जे सांगितले ते पुस्तकांतही सापडते. पुस्तके लिहिणारे बहुतेक थंड व सदा ओलसर देशांतले असल्यामुळे जे सांगत नाहीत ते आता सांगतो. उंच वाफा बारमाही नाही. हस्त नक्षत्र सरले, चित्रा गेली, की तीच गादी जी जूनपासून आपली मैत्रीण होती ती वैरीण होऊ लागते. तिला चार बाजूंनी वारा लागतो, कडेचे कवेलू तापतात, आणि पाणी घातले तर ते कडेने पाझरून वाटेत जाते. हिवाळ्यात निभते, पाण्याची तोटी नसेल तर गादीच्या मध्यभागी कच्च्या भाजणीची मडकी गळ्यापर्यंत पुरून ती भरून ठेवावीत, म्हणजे पाणी मुळापाशी पाझरते व वरची माती कोरडी राहून तणही कमी येते. परंतु वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा ज्याच्या परसात उंच गादी तशीच उभी आहे त्याची विहीर रिकामी होईल, पण पालक उगवणार नाही.

म्हणून माघ-फाल्गुनात हिवाळ्याची भाजी निघाली की गादीची परात करावी. म्हणजे असे: मधली माती फावड्याने ओढून कडांकडे लावावी, येथवर की मध्य कडेपेक्षा वीतभर खोल होईल. कवेलूंच्या बाहेरून माती चढवून त्या झाकाव्यात. आता हा खोल वाफा झाला. जे पाणी घालाल ते मध्ये राहते, बांध वारा अडवतो, आणि वर तुराट्यांचा मांडव व खाली जाड कुटार असेल तर सकाळच्या दोन बादल्यांत चवळाई व चिवळ निघते. अमेरिकेतील झुनी नावाचे आदिवासी लोक रखरखीत प्रदेशात अशाच बांध घातलेल्या खोलगट चौकोनांत भाजी पिकवीत आले आहेत. आणि मेक्सिकोतील लोकांनी तळ्याच्या उथळ पाण्यात चिखल रचून उंच वाफे केले. एकाला पाणी धरावयाचे होते, दुसऱ्याला त्यातून वर यावयाचे होते. आपल्याला एकाच वर्षात दोन्ही करावे लागते. वैशाखाच्या शेवटी परातीची पुन्हा गादी, नवे खत घालून. मातीची ही उलथापालथ वर्षातून दोनदा, एका माणसाचे प्रत्येक गादीमागे सकाळचे काम.

एक इशारा राहिला, तो गंभीर आहे. आपली परसे कापसाच्या वावरांना लागून आहेत. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर मरण पावले. ते औषध वाऱ्याने परसातील पालकावरही येते. वावराच्या बाजूने शेवग्याची किंवा ज्वारीची दाट ओळ लावावी. फवारणी झाली तर त्या बाजूची पालेभाजी खाऊ नये. फवारणीचा पंप परसात धुऊ नये. आणि औषधाचे रिकामे डबे, कितीही धुतले तरी, रोपे लावण्यास किंवा पाणी घालण्यास वापरू नयेत. खताची पोती धुऊन वापरता येतील. औषधाचा डबा नाही. उपदेशक बंधूंनी हे घरोघरी स्वतः सांगावे, कारण डब्यावरचे बारीक अक्षर वाचणारे थोडे.

उमेदच्या बचतगटांतून व शाळांतून परसबागेची मोहीम चालते. तेथे बियाणे मिळत असेल तर अवश्य घ्यावे. परंतु मिरची, वांगी, बरबटी, दोडके ह्यांचे गावरान बी ज्या म्हाताऱ्या बायांनी राखेत घोळून मडक्यात जपले आहे त्यांच्याकडे आधी जावे. त्या बियांचे रोप पुढच्या वर्षीही तसेच येते.

ज्या भगिनीच्या मिरचीवरून हा पाठ निघाला तिने यंदा तीन पायऱ्या बांधल्या आहेत. भिंतीपासून अंतर तिने दोन नव्हे, अडीच फूट सोडले, कारण तिला आमच्या भिंतीची हकीकत ठाऊक आहे. वरच्या पायरीवर तिला एकशेवीस रोपे बसवावयाची होती. दहा फूट लांब व दोन फूट रुंद पायरीवर एका ओळीत सहा-सात बसतील असे आम्ही मोजून दाखवल्यावर ती थोडी नाराज झाली, आणि शेवटी तिन्ही पायऱ्यांवर मिळून वीस ठरली. मिरचीचे रोप बी टाकल्यापासून पाच-सहा आठवड्यांनी लावण्याजोगे होते. मृग तोंडावर आला आहे. ज्यांना आर्द्रा सरता सरता किंवा पुनर्वसूत लावणी करावयाची आहे त्यांनी वीतभर उंच लहानशी गादी करून, बी बोटाच्या एका पेराच्या अर्ध्या खोलीवर टाकून, वर गवताचे पातळ पांघरूण घालून, ह्याच आठवड्यात रोप टाकावे; कोंब दिसू लागताच संध्याकाळच्या वेळी ते गवत काढून घ्यावे.